मानाचं पान कुणाचं?

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते आणि पाचगणीपासून कराडपर्यंत सातारा जिल्ह्यातली कुस्तीवेडी माणसं त्या यादीत एकच नाव शोधत राहतात: खाशाबा दादासाहेब जाधव. ते नाव आजवर सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन उरकून माणसं चहाला थांबली की वादाला तोंड फुटतं. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस या यादीत बसत नसेल, तर यादीचं माप तरी कोणतं? मग पुढचे प्रश्न येतात, आणि ते जास्त अवघड असतात. खाशाबांना द्यायचं, तर मारुती मानेंना का नाही? गणपतराव आंदळकरांना का नाही? विजय हजारे, मुरलीकांत पेटकर, ललिता बाबर यांना एका पंगतीत बसवायचं कसं? मैदान सोडून गेलेल्या खेळाडूंपैकी मानाचं पान कुणाला वाढायचं, हे ठरवायचं कुणी आणि कशावरून?

पाचगणीत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे दोन वेगळी जगं शेजारी नांदतात. एकीकडे ब्रिटिश काळापासूनच्या निवासी शाळा, त्यांची आखीव मैदानं, क्रिकेट-फुटबॉलचे संघ आणि वार्षिक क्रीडास्पर्धा. दुसरीकडे घाटाखालच्या वाईच्या आणि पलीकडच्या जावळीच्या गावांतल्या तालमी, जत्रेचे फड, हलगीच्या तालावर चालणारी मैदानं. निवासी शाळांच्या सभागृहात लाकडी फलक लावण्याची जुनी रीत आहे. त्यावर साल आणि त्या सालचा सर्वोत्तम खेळाडू सोनेरी अक्षरांत लिहिलेला असतो. ते नाव कशासाठी लागलं, हे पहिल्या इयत्तेतल्या पोरालाही माहीत असतं. कुणाला अर्ज करावा लागत नाही, कुणाच्या बापाला मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. स्पर्धा झाली, निकाल लागला, नाव चढलं. शाळेच्या भिंतीवर जी गोष्ट इतकी सरळ आहे, ती देशाच्या पातळीवर गोळेश्वरच्या खाशाबांच्या बाबतीत सत्तर वर्षं का अडली, हे समजून घ्यायला हवं.

पाचगणीच्या टेबललँडच्या कड्यावरून खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. ही नदी वाईवरून पुढे कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीकडे वळते. या लेखातली बहुतेक माणसं याच खोऱ्यातली, किंवा त्याच्या आसपासच्या गावांतली. एका प्रदेशाने दिलेली ही माणसं आहेत, म्हणून त्यांचा हिशेबही एकत्रच मांडायला हवा.

१९५२ : दोन पराक्रम, दोन न्याय

१९५२ साली या खोऱ्यातल्या दोन माणसांनी भारताच्या खेळाचा इतिहास बदलला. फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. जुलैत हेलसिंकीला खाशाबांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. हजारेंना १९६० साली पद्मश्री मिळाली आणि ती त्यांच्या कर्तृत्वाला शोभणारीच होती. १९४८च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत, ११६ आणि १४५, अशी शतकं ठोकणारा हा फलंदाज. खाशाबांना मात्र हयातीत एकही पद्म पुरस्कार मिळाला नाही.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा, कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे घरातच तालीम. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीवर घडलेल्या पैलवानासाठी मॅट हे परकं अंगण होतं. मातीत पाय रुततो, पकड बसते, कुस्ती रेंगाळते. मॅटवर पाय सरकतो, वेळ मोजला जातो, गुण मिळतात. तरीही जगात सहावा. त्यातूनच पुढच्या खेपेला पदक आणायची जिद्द उभी राहिली.

हेलसिंकीच्या निवडीतच अडथळा आला. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने डावललं गेल्याची तक्रार घेऊन खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्धी निरंजन दासला हरवून जागा मिळवली. मग पैशाचा प्रश्न. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. बाकीची रक्कम गावकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, ओळखीपाळखीच्यांनी जमवली.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली. ती खाशाबा हरले, आणि इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. ती कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी हकिगत कुस्तीच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. थकलेल्या अंगाने खाशाबा खेळले, हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं आणि देशाचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

कराडकरांचं लक्ष मात्र ढळलं नाही. स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि पाव तासाच्या वाटेला तासन् तास लागले. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यातून पैसे जमवले आणि खर्डीकर सरांचं घर सोडवलं. देशासाठी पदक आणलेल्या माणसाने परत येऊन पहिली गोष्ट केली ती कर्ज फेडण्याची. १९५५ साली ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते १९९६ साली अटलांटाला, लिअँडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं गेली.

नियमाची भिंत

पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. म्हणजे पुरस्कार अस्तित्वात होता आणि खाशाबा हयात होते, अशी तीस वर्षं होती. त्या काळात खेळाडूंना पद्म मिळतच नव्हतं असंही नाही. मेजर ध्यानचंद आणि कर्नल सी. के. नायडू १९५६ला पद्मभूषण झाले, मिल्खासिंग १९५९ला पद्मश्री. अर्जुन पुरस्कार १९६१ला सुरू झाला, तोवर खाशाबा मॅटवरून उतरले होते. चालू कामगिरीसाठी असलेल्या त्या पुरस्काराच्या चौकटीत ते बसले नाहीत. २००० सालचा अर्जुन त्यांना मिळाला तो मरणोत्तर. राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. महाराष्ट्राने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला.

पद्मच्या वाटेवर मात्र एक नियम आडवा येतो. हा सन्मान सहसा मरणोत्तर दिला जात नाही. अपवाद करायचाच, तर मृत्यू अलीकडचा हवा, म्हणजे प्रजासत्ताक दिनाआधीच्या साधारण वर्षभरातला. खाशाबांच्या बाबतीत हे दार १९८५च्या जानेवारीनंतर बंद झालं. भारतरत्नला असं बंधन नाही. मदनमोहन मालवीयांना २०१५ साली, कर्पूरी ठाकूर यांना २०२४ साली, निधनानंतर कित्येक वर्षांनी भारतरत्न दिलं गेलं. सर्वोच्च सन्मान जुन्या माणसासाठी उघडा आणि त्याखालचा सन्मान बंद, या रचनेचं समर्थन मला करता येत नाही.

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. एकदा मरणोत्तर दार उघडलं, की प्रत्येक जिल्हा आपल्या पूर्वजांची यादी घेऊन उभा राहील, जातीपातीचे, मतदारसंघांचे हिशेब शिरतील, आणि जिवंत माणसांची जागा मेलेल्यांना जाईल. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय दार कायमचं लावून घेणं हा नव्हे. दारावर कडक आणि जाहीर कसोटी लावणं हा उपाय आहे. ते कसं करता येतं, हे पाहायला थोडं लांब जावं लागेल.

कूपर्सटाउनचं दालन

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्या गावात बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. पहिली निवड १९३६ साली झाली, दालन १९३९ साली खुलं झालं. तिथे खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला लागतो आणि निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. मग बेसबॉलवर वर्षानुवर्षं लिहिणारे पत्रकार मतदान करतात. ७५ टक्के मतं मिळाली तर प्रवेश. पाच टक्क्यांच्या खाली राहिला तर यादीतून बाहेर. दहा वर्षांत निवडला गेला नाही, तरी नाव सुटतं. हिवाळाभर तिथे घराघरांत हाच वाद चालतो. ७६२ होमरन मारणारा बॅरी बाँड्स उत्तेजकांच्या आरोपांमुळे दहाही वर्षं बाहेर राहिला. लोक भांडतात, पण नियम काय आणि मतं किती, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे दुसरं दार आहे. पत्रकारांच्या मतदानात राहून गेलेल्यांसाठी, जुन्या काळातल्यांसाठी स्वतंत्र समित्या बसतात. मृत्यूने फाइल बंद होत नाही. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७पर्यंत मुख्य लीगमध्ये खेळू दिलं जात नव्हतं, ते आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत. त्यांच्यातल्या जॉश गिब्सनला १९७२ साली दालनात घेतलं, तेव्हा त्याच्या मृत्यूला २५ वर्षं झाली होती. २००६ साली एका विशेष समितीने त्या काळातली १७ माणसं एकाच वेळी निवडली. हे शक्य झालं, कारण अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून एकेका सामन्याची धावपत्रिका पुन्हा उभी केली होती. २०२४ साली त्या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत घेतली गेली आणि गिब्सनची ०.३७२ ही सरासरी सगळ्यांच्या वर गेली. जिवंत असताना ज्याला मुख्य मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाही, तो आज त्या खेळाच्या नोंदीत पहिला आहे.

मला यातून घेण्यासारख्या तीन गोष्टी दिसतात: जाहीर कसोटी, राहून गेलेल्यांसाठी दुसरं दार, आणि या दोन्हींच्या मुळाशी असलेली नोंद. आपल्याकडे तिन्ही अपुऱ्या आहेत. म्हणून आपल्याकडे मान मिळतो तो नशिबाने, चित्रपटाने किंवा घरच्यांच्या चिकाटीने.

नशिबाच्या हवाली

याचा पुरावा सांगली जिल्ह्यातच आहे. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात ईएमई दलात होते, उत्तम बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचारांच्या काळात ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी जागतिक विक्रमासह जिंकलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने मिळवलं त्याच्या ३६ वर्षं आधीचं. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट आला आणि त्यानंतर, २०२५च्या जानेवारीत, अर्जुन जीवनगौरव. सन्मान झाला याचा आनंद आहेच. पण चित्रपट निघाला नसता, ते इतके दीर्घायुषी नसते, तर? खाशाबांना ५८ वर्षांचं आयुष्य मिळालं. मानाचा प्रश्न वयावर सोडला, की अपघातात गेलेला माणूस कायमचा मागे राहतो.

दुसरा दाखला जकार्ताचा. १९६२च्या आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातले दोन मल्ल एकत्र गेले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने. दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. दोघेही हिंदकेसरी, आंदळकर १९६०चे, माने १९६४चे. आंदळकरांना साठच्या दशकातच अर्जुन मिळाला. मानेंना देशपातळीवरचा ध्यानचंद जीवनगौरव मिळाला २००५ साली. स्पर्धा तीच, पदकं तितकीच आणि मानात चार दशकांचं अंतर. हे अंतर का पडलं, याचं लेखी कारण शोधायला गेलं तर कुठे सापडत नाही. निर्णयासोबत कारण लिहिलेलं असतं, तर मानेंच्या चाहत्यांना त्यावर निदान दाद मागता आली असती.

आणि मागे राहिलेल्या घरांना काय करावं लागतं, ते गोळेश्वरने पाहिलं आहे. गावात उभारायच्या कुस्ती संकुलाचं काम वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा २०१७ साली जाधव कुटुंबीयांनी हेलसिंकीचं पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला. ज्या पदकासाठी एका प्राचार्याने घर गहाण टाकलं होतं, ते विकायला काढावं असं घरच्यांना वाटावं, ही आपल्या सगळ्यांची नामुष्की आहे. सन्मान मागावा लागू नये. मागून मिळालेल्या मानात मागणाऱ्याचं आयुष्य खर्ची पडतं.

मग कसोटी कोणती?

कूपर्सटाउनसारखं दालन आपल्याकडे उभं करायचं ठरलं, तर सातारा-सांगलीच्या यादीत पहिली नावं कोणती, यावर मी माझं मत स्वच्छ मांडतो. खाशाबांवर वाद नाही. पेटकरांवर नाही. आंदळकर आणि माने यांना एकाच वेळी घ्यावं, एकामागून एक नव्हे. हजारेंचा प्रश्न सांगलीपुरता सुटलेला आहे, पण जागतिक पातळीवर मोकळाच आहे. आयसीसीचं हॉल ऑफ फेम २००९ साली सुरू झालं, हजारेंच्या काळातले विनू मंकड तिथे २०२१ साली पोहोचले, हजारे अजून बाहेर आहेत. ३० कसोटींत ४७.६५च्या सरासरीने २१९२ धावा, आणि पहिल्या विजयाचं कर्णधारपद. त्यांच्यासाठी सांगलीकरांनी आवाज उठवायला हवा.

खरा वाद पदक नसलेल्यांचा आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये दहावी आली. पदकाच्या मोजपट्टीवर दहावा क्रमांक म्हणजे काहीच नाही. पण १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या तालुक्यातली मुलगी पाण्याचा खड्डा ओलांडत जगातल्या पहिल्या दहांत आली. तालमीच्या परंपरेने या खोऱ्यात बाप, भाऊ, वस्ताद यांची नावं घडवली, पोरींना आखाड्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. नुसती जुनी पदकं मोजत बसलो, तर आपलं दालन पुरुषांचंच होईल. म्हणून कसोटीत पदकासोबत आणखी एक प्रश्न हवा: या खेळाडूने आपल्या मागून येणाऱ्यांसाठी कोणती वाट मोकळी केली? त्या प्रश्नावर ललिता आत येते. हेलसिंकीला खाशाबांसोबत गेलेले आणि पदकाच्या उंबऱ्यावर थांबलेले कोल्हापूरचे केशव माणगावेही निदान चर्चेत येतात.

आणि पदकांच्याही पलीकडे एक मोठा वर्ग आहे, ज्याची कुठेच नोंद नाही. जत्रेच्या फडातली कुस्ती आठवा. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मऊ केलेली लाल माती, कडेला हलगी-तुतारी, पंच हातात माती घेऊन जोड लावतोय. एकाने ढाक टाकली, दुसरा पाठीवर गेला, लोकांनी फेटे उडवले. इनाम मिळालं, कुस्ती चितपट झाली, आणि दुसऱ्या दिवशी गावात फक्त आठवण उरली. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूची धावपत्रिका आहे, आपल्याकडे आयुष्यभर मैदानं मारलेल्या मल्लाच्या किती कुस्त्या झाल्या, हे सांगणारी वहीसुद्धा नाही. अशा माणसाची बाजू उद्या कुणी मांडायची, तर कशाच्या आधारावर?

कामाला कुठून लागायचं

पुराव्याचे धागे अजून शिल्लक आहेत. मैदानाची छापील पत्रकं, त्यांवर जोडींची नावं आणि इनामाची रक्कम. जुन्या वर्तमानपत्रांचे अंक. तालमींतल्या भिंतींवरचे फोटो. ऐंशीच्या घरातल्या वस्तादांच्या आठवणी. ही सामग्री दरवर्षी कमी होते आहे, आणि ती गोळा करायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांतली महाविद्यालयं आपल्या विद्यार्थ्यांना एकेक गाव वाटून देऊ शकतात. पाचगणीच्या शाळांकडे शंभर वर्षांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त आहे, घाटाखालच्या तालमींकडे नोंदवण्यासारखं आयुष्य आहे. या दोघांनी एकत्र बसावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या नोंदींवर दालन उभं राहू शकतं. कराडला राहावं, कारण खाशाबांचं गाव तिथे आहे. निवडीचे नियम दारावर लिहिलेले असावेत: निवृत्तीनंतर ठरावीक वर्षं, कामगिरीचा पुरावा, मतदारांची नावं जाहीर, मतांची संख्या जाहीर, आणि प्रत्येक निवडीसोबत किंवा नकारासोबत चार ओळींचं कारण. मृत खेळाडूंसाठी स्वतंत्र समिती, जी दर काही वर्षांनी बसेल. जिवंतांची जागा मृतांना जाणार नाही आणि मृतांचा हक्क जिवंतांच्या गर्दीत हरवणार नाही. हे एका जिल्ह्याने करून दाखवलं, तर पद्मच्या नियमात दुरुस्ती मागताना आपल्या हातात भावनेसोबत नमुनाही असेल.

पद्मसाठी नामांकन आता कोणताही नागरिक ऑनलाइन पाठवू शकतो. खाशाबांचं नाव पाठवणारे पाठवत राहोत. पण त्यासोबत नियम बदलण्याची मागणी प्रत्येक ग्रामसभेने, प्रत्येक तालीम संघाने लेखी करायला हवी: ज्या पराक्रमाचा निकाल कागदावर आहे, त्याला मरणाची मुदत लागू करू नका. हेलसिंकीच्या निकालपत्रकावर २३ जुलै १९५२ ही तारीख आणि तिसऱ्या क्रमांकापुढे खाशाबांचं नाव पक्कं आहे. देशाने त्याच्यापुढे सही करायची राहिली आहे, आणि ती करवून घेणं हे आपलं काम आहे.